बैठा खेळ आणि उभा खेळ

रेवा, जवळ ये ग, आणि हे पान नीट बसून वाच. चालता चालता, जेवता जेवता वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. जरा रागावलेच आहे मी तुझ्यावर. दिवाळीत तू तुझ्या त्या खेळाचे फोटो दाखवून राहिली होतीस. कुठल्याशा डोंगरावर वीसपंचवीस जण दोन दिवस झगे न् चिलखतं घालून फिरले, कुणी राजा, कुणी चेटकीण, आणि तू एका परागंदा राणीची दासी. मी विचारलं, 'मग ते दोन दिवस तू रेवा नव्हतीसच का?' तर हसून म्हणालीस, 'आत्या, राहू दे, तुला नाही कळायचं. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं.' अग, विचारायचं तरी! तुझ्या आत्यानं अठराव्या वर्षी लातुरात, कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं भरलेल्या हातांनी, असले दोन्ही खेळ खेळून बघितलेत. एक बसून खेळायचा, एक उभ्यानं. त्या दोहोंतला कोणता खरा, ह्यावर आम्ही पोरींनी जेवढा खल केला तेवढा भौतिकशास्त्रावर केला असता तर मी बारावीला नापास होऊन घरी बसले नसते.

घर आमचं दुमजली, वर स्लॅब. खाली आम्ही, वर तीन खोल्या. बाबा शाळेत मास्तर. तेव्हा लातुरात क्लासचं नुसतं पेव फुटलं होतं. पानटपरीच्या माथ्यावर, दवाखान्याच्या जिन्यात, जिथं भिंत मोकळी तिथं फिजिक्स-केमिस्ट्रीची पाटी. गावोगावची पोरंपोरी पत्र्याच्या ट्रंका घेऊन खोली शोधत फिरायची. बाबांनी वरच्या खोल्यांत मुली ठेवल्या आणि त्यांच्या जेवणाचं आपोआप आईकडं आलं. पहाटे साडेपाचला वरून सहा गळ्यांतून सहा वेगवेगळी सूत्रं खाली यायची, त्यात स्टोव्हची फरफर, त्यात आईच्या भाकरीची थपथप. आई म्हणायची, 'तुमच्या त्या बेंझिनचा वास माझ्या पिठाला लागून राहिला ग पोरींनो.' दुपारी येसराची आमटी. भाजलेल्या धान्यामसाल्याचं ते पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की अख्ख्या गल्लीला भूक लागायची. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. आजही मला कुणी विचारलं की तारुण्याची चव कशी असते, तर मी येसर म्हणेन. तुझ्या आईनं आणलेलं पाकिटातलं ते येसर नव्हे हं.

भूकंपाचं मी इथं फार लिहीत नाही. ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते की त्या पहाटेनंतर सगळी गल्ली अंगणात निजायला लागली. बाबांनी कडुनिंबाखाली लोखंडी अँगलवर पत्र्याची एक खोली ठोकून घेतली आणि दिवाळी होईस्तोवर आम्ही सगळे, वरच्या पोरींसकट, तिच्यात राहिलो. मग थंडी पडली, माणसं हळूहळू आत सरकली, पत्र्याच्या खोलीत ज्वारीची पोती आणि मेसची मोठी भांडी जाऊन बसली. पण सवय गेली नाही. वर कुणी ट्रंक ओढली तरी खालची माणसं ताटावरून उठून दारात. कूकरच्या शिट्टीला बाबा एकदा अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर गेले होते.

वरच्या पोरींत एक कमल होती. तिचं गाव त्या पट्ट्यातलं, जिथं घर म्हणून काही उरलं नाही. त्या पहाटे कमल आमच्याकडं वरच्या खोलीत निजलेली, म्हणून राहिली. आईवडील दोघं गेले. मागं उरले एक काका, वडिलांचे धाकटे भाऊ, व्यंकटकाका. ते शेतात राखणीला होते म्हणून वाचले. महिनाभरानं त्यांनीच तिला परत आणून सोडलं. कमल रडली नाही, भांडली नाही, जेवली, अभ्यासाला बसली. पण बोलणं मोजून मापून. 'हाव' आणि 'न्हाई', एवढ्यात तिचा दिवस पार पडायचा. बारावीला होती, डॉक्टरकीला जायचं होतं, आणि तिच्या वहीतलं अक्षर तेवढं पूर्वीसारखं ठसठशीत राहिलं होतं.

खेळ आणला सुधीरदादानं. माझा मामेभाऊ. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता आणि हॉस्टेलच्या जेवणाला इतका बेजार झालेला की शनिवारी एष्टी धरून आईच्या पानावर येऊन बसायचा. एकदा त्याच्या पिशवीतून झेरॉक्सचा एक जाडजूड गठ्ठा निघाला. त्याच्या खोलीवरल्या कुणाच्या भावानं परदेशातून धाडलेलं पुस्तक, त्याची प्रत, प्रतीची प्रत, निम्मी अक्षरं उडालेली. 'हे काय रे?' म्हटलं, तर म्हणाला, 'खेळ आहे. ह्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं. तू कोण, ते तू ठरव. तू काय करतेस, ते तू बोल. जमलं की फसलं, ते फाशावर.' फासे म्हणे वीस-वीस तोंडांचे, आणि ते हॉस्टेलवर कुलपात. मग आम्ही चिंचोके फोडले. सहा फोडी, एका अंगानं पांढऱ्या, एका अंगानं काळपट. चार पांढऱ्या पडल्या तर जमलं. पुस्तकातल्या गुहा आणि आग ओकणारी जनावरं आम्हाला काही झेपेनात, म्हणून आम्ही एक किल्ला घेतला, त्यात एक दुष्ट सुभेदार बसवला आणि त्याच्या तावडीतून गाव सोडवायला निघालो. गोष्ट सांगायची मी, कारण मला क्लास नव्हता. वरच्या पोरींतली उदगीरची मंगल तलवारबाज झाली. ती मुळातच तलवारबाज, जिभेनं. आणि कमलला विचारलं तर म्हणाली, 'वाटाडी. सगळ्या वाटा ठाव्या असलेली. चंद्रा.'

आता आमच्या घरचा एक नियम सांगते, जो त्या झेरॉक्समध्ये कुठंच नव्हता. दुसऱ्याच दिवशी मंगल जोरात ओरडली, 'मी त्याचा गळा कापते!' आणि आई उलथनं घेऊन पळत वर आली. खेळ आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला, पण कपाळावरची आठी गेली नाही. 'खेळा, पण माझ्या घरात मी मी म्हणून गळे कापायचे नाहीत. तिनं कापला म्हणा.' तेव्हापासून आमच्यात कुणीच मी म्हणायचं नाही. चंद्रा दार उघडते. चंद्रा पुढं होते. आणि रेवा, मला त्याचं फार नवल वाटायचं. 'हाव-न्हाई'ची आमची कमल चटईवर मांडी घालून, चिंचोके हातात खुळखुळवत म्हणायची, 'चंद्रा म्हणते, सुभेदारसाहेब, वाट माझी हाय, तुमी बाजूला व्हा.' आवाज हिचाच. पण हिच्यात एवढा आवाज होता कुठं? मी मुद्दाम चंद्राला संकटात घालायची, केवळ तो आवाज ऐकायला.

पुढं जानेवारीत सुधीरदादा नवी बातमी घेऊन आला. हॉस्टेलवर दोन तट पडलेले. काही जणांना बसून बोलायचा कंटाळा आला होता. ते चादरी पांघरून, काठ्यांच्या तलवारी करून धरणाच्या अंगाला खेळायला जायला लागले. उभ्यानं, खरोखर पळत, खरोखर लपत. बसणारे त्यांना 'नाटकवाले' म्हणायचे, ते बसणाऱ्यांना 'चटईवाले'. जेवणाच्या रांगेतही भांडण. 'तुझा पक्ष कोणता रे?' मी विचारलं. 'माझा पाय मुरगळलाय,' तो म्हणाला, 'तेव्हा सध्या चटईचा.'

आम्ही लगेच करून बघितलं. अंगणात, भर दुपारी. मंगलनं बाबांचा मफलर डोक्याला बांधला, आईची पोळपाटाएवढी झाकणी ढाल म्हणून घेतली. आणि काय झालं, सांगू? चटईवर आमचा किल्ला कोसभर लांब होता, त्याला सात दरवाजे होते. उभ्या खेळात तो अंगणाएवढाच झाला. संडासापासून निंबापर्यंत. चटईवर 'चंद्रा तीन दिवस उपाशी चालते' म्हटलं की झालं. इथं दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं की खरंच तहान लागायची. चटईवर सुभेदाराला मंगल कितीही सुनवायची. अंगणात सुभेदार म्हणून मी डोळे वटारून समोर उभी राहिले तर तिला हसू फुटलं. वर शेजारच्या काकू भिंतीवरून, 'कसलं नाटक बसवून राहिल्या ग? गॅदरिंग कधीचं झालं की!' कमल मात्र अंगणात चंद्रा होईचना. निंबाला टेकून उभी राहायची. म्हणाली, 'चटईवर चंद्रा हाय. हितं मीच हाय.' तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

आणि त्याच आठवड्यात व्यंकटकाकांचं कार्ड आलं. चार ओळी, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेल्या. सोमवारी येतो, कमलला देगलूरला तिच्या आत्याकडं नेऊन ठेवतो, सामान बांधून ठेवणे. परीक्षा दीड महिन्यावर. मंगलनं कार्ड तीनदा वाचलं आणि निकाल दिला, 'स्थळ बघितलंय. आई नाही, बाप नाही, काकाला जबाबदारी उरकायची हाय. देगलूरला गेली की ही काही परत येत नाही.' आम्हाला सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणी शंकाही काढली नाही. माझ्या वर्गातल्या चार पोरी अशाच गेल्या होत्या. कमल कार्डाकडं बघत बसली. 'तुला जायचं आहे का?' आईनं विचारलं. 'न्हाई.' 'मग काकांना तसं सांगशील?' कमलनं कार्ड वहीत घातलं आणि वही मिटली.

मग माझ्या डोक्यात आलं की उभा खेळ ह्यासाठीच असणार. सराव करायचा! कमलला म्हटलं, मी काका बनते, तू मला नाही म्हण. बाबांचं जुनं उपरणं डोक्याला गुंडाळलं, अंगणात उभी राहिले, घसा खरडला आणि म्हणाले, 'कमे, चल. सामान घे.' मी काकांना दोनदाच बघितलेलं, पण नक्कल बरी साधली असावी. कमलनं माझ्याकडं बघितलं. वर गेली. ट्रंक घेऊन खाली आली, आणि माझ्या मागं उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, दारात म्हणेल. मी फाटकाबाहेर पडले. ती मागं. पानटपरी ओलांडली. ती मागंच, ट्रंकेचा कोपरा पोटरीला आपटत. कोपऱ्यावर मला पुढं जाववेना. उपरणं काढलं न् म्हणाले, 'कमल, अग मी आहे, शकू.' ती म्हणाली, 'हाव.' मग मी ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि आम्ही दोघी परत आलो. ती खेळत होती, की तिचे पाय आपोआप निघाले, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आज एवढे पावसाळे काढूनही छातीठोक सांगता येत नाही.

सोमवारी दुपारी काका आले. धोतर, पटका, पिशवीत आमच्यासाठी हरभऱ्याचे डहाळे. आई म्हणाली, 'या ना दादा, आत बसा.' 'न्हाई, हितंच बरं हाय,' म्हणून निंबाखाली उभे राहिले. मंगलनं मला कोपरखळी मारली, बघ ताठा. मागच्या खेपेलाही त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता, चहा अंगणातच घेतला होता. 'कमे, आवर. चारची एष्टी गाठायची हाय.' कमल खांबासारखी. आई परीक्षेचं बोलली तर म्हणाले, 'परीक्षा पुढल्या वर्सी बी हुत्यात.' मंगलला राहवलं नाही. 'एवढी काय घाई काका, देगलूरचं स्थळ पळून चाललंय का?' काकांनी तिच्याकडं वळून बघितलं. 'कसलं स्थळ?'

तेवढ्यात कमल वर गेली. मला वाटलं, गेली ट्रंक आणायला. पण ती आली चटई घेऊन. निंबाखाली चटई टाकली, मांडी घालून बसली, चिंचोके समोर ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. मी मुकाट्यानं सांगणाऱ्याच्या जागी जाऊन बसले.

'एक वाटाडी हाय,' कमल म्हणाली, 'चंद्रा नावाची. तिचा काका तिला न्यायला आलाय. चंद्रा म्हणते, मी येत न्हाई.'

'हे काय हाय?' काकांनी मला विचारलं. 'खेळ आहे काका,' मी म्हणाले. 'इथं कुणी स्वतःचं बोलत नाही. ती चंद्रा. तो तिचा काका. त्याचं तुम्ही सांगायचं.' आता हा माणूस चटई लाथेनं उडवणार, असं मला वाटलं. पण काका खाली उकिडवे बसले. मंगलनं सवयीनं त्यांच्या हातात चिंचोके दिले. त्यांनी मूठ मिटली.

'त्यो म्हंतो, चल.'

'चंद्रा विचारते, का?'

काकांनी वर बघितलं, आमच्या माडीकडं. 'त्यो काका हितं आला की पैलं वर बगतो. पोरगी वर निजती. तिच्या डोक्यावर येवढा सलाब. त्याला वाटतं, आता हालंल, मग हालंल. त्याच्या पायात आत यायचं बळ न्हाई.' त्यांनी दोन्ही हात पुढं धरले. 'त्यानं पडलेल्या माळवदाची माती उपसलीया. ह्या दोन हातानं. आदी भावाचा पाय घावला. मंग वहिनीची बांगडी. देगलूरला आत्याचं घर पत्र्याचं हाय. म्हून त्यो म्हंतो, चल. दुसरं काय न्हाई.'

मी मंगलकडं बघितलं, मंगलनं मान खाली घातली. स्थळ! केवढ्या शहाण्या आम्ही.

'चंद्राला हे ठावं नव्हतं,' कमल म्हणाली.

'त्यानं सांगितलं न्हाई तर ठावं हुईल कसं?' काका म्हणाले. 'त्याला सांगता येत न्हाई.'

तेव्हा दारातून आईचा आवाज आला. चहाचे कप हातात, ती कधीपासून उभी होती कोण जाणे. 'आणि त्याच गावात एक भाकऱ्या करणारी बाई आहे,' आई म्हणाली. 'ती म्हणते, अंगणात पत्र्याची खोली आहे. ज्वारीची पोती काढली की दोन खाटा मावतात. पोरगी तिच्यात राहील, आणि बाईची रिकामटेकडी लेक सोबतीला निजेल.' आमच्या आईनं खेळात टाकलेलं ते पहिलं न् शेवटचं पाऊल.

काका उठले. पत्र्याच्या खोलीभोवती फिरले. अँगल धरून गदागदा हलवला, पत्र्यावर बोटं वाजवली, आत जाऊन वर बघितलं. 'आन् हे पडलं तर?' 'तर टेंगूळ येईल काका,' मंगल म्हणाली. मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना बघितलं, दात नव्हते पुढचे दोन. चारच्या एष्टीनं ते एकटे गेले, आणि आमचे सहाही चिंचोके त्यांच्या मुठीतच गेले.

त्या खोलीत कमल न् मी मे महिन्यापर्यंत राहिलो. मार्चपासून पत्रा तडतडायला लागला. आई वर ओली पोती टाकायची, ती तासात वाळायची. कमल पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून अभ्यास करायची, आणि तिचं ऐकून ऐकून माझंही भौतिकशास्त्र ऑक्टोबरात सुटलं. डॉक्टरकी तिची थोडक्यात हुकली. फार्मसी केली, आता जळकोटला औषधाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागली की थांबत नाही. व्यंकटकाका बाजाराला आले की आमच्या अंगणात यायचे. कमल समोर बसलेली असायची, तरी तिलाच विचारायचे, 'काय म्हंती ती पोरगी? जेवती का?' आणि कमल सांगायची, 'जेवती. काकाला म्हणावं, काळजी करू नगं.' तिच्या लग्नात, अक्षता पडल्यावरही त्यांनी असंच विचारलं. काका जाईपर्यंत त्या दोघांचं सगळं मायेचं बोलणं त्या तिसऱ्याच दोघांच्या नावानं चाललं.

आता तू म्हणशील, आत्या चटईवालीच निघाली. तसं नाही ग. चटईवर आम्हाला बोलता आलं हे खरं. पण त्या कोपऱ्यापर्यंत कमलसोबत चालले नसते, तर ती किती सहज निघून जाईल हे मला कधी कळलं नसतं, आणि सोमवारी मी तिच्या समोर जाऊन बसलेही नसते. म्हणून तुला खरंच विचारायचं आहे, दोन दिवस मान खाली घालून राणीच्या मागं चालल्यावर तुझ्या पायांना काय वाटलं? हे फोनवर सांगू नकोस. संक्रांतीला कमल येणार आहे नांदेडला माझ्याकडं, तेव्हा तूही ये, मैत्रिणींना आण, चार दिवस राहा. गुडघे अजून साथ देऊन राहिलेत तोवर मला एकदा तुमच्यासारखं उभ्यानं खेळायचं आहे. राणी नको, काहीही कर मला. फक्त लवकर ये.